टुकारांचा सत्संग

सत्यजित राय यांचा १९५५ सालचा ‘पथेर पांचाली’ पाहून उठलेली चार माणसे तुम्ही कधी न्याहाळली आहेत का? कोणी कोणाशी बोलत नाही. एक जण चष्मा पुसतो, दुसरा उगाच चपला शोधत राहतो, आणि चहाच्या टपरीपर्यंत पोहोचेतो फार तर ‘छान होता’ एवढे दोन शब्द बाहेर पडतात. थोर कलाकृतीपुढे माणूस मुका होतो असे आमचे समीक्षक म्हणतात, ते खरेच असावे. आता त्याच चौघांना १९९१ सालचा ‘अजूबा’ दाखवा. त्यात अमिताभ बच्चन एका डॉल्फिनला आई मानतात. (डॉल्फिन हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे, तेव्हा आईपण त्याला अगदीच अशक्य नाही, असा आमच्या पशुवैद्य डॉक्टरांचा अभिप्राय आहे. डॉक्टरांविषयी पुढे येईलच.) चौघेही चपला पायात सरकवण्यापूर्वीच बोलू लागतील, एकमेकांचे वाक्य तोडतील, टपरीवर दुसरा चहा मागवतील, आणि घरी पोहोचल्यावर जेवणाचे ताट पुढे असताना ज्यांनी तो पाहिलेला नाही अशा बायकामुलांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतील.

वाचकहो, या लेखाचा विषय तो दुसरा चहा आहे.

अशा चित्रपटांना आपल्याकडे ‘टुकार’ म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. ‘वाईट’ म्हणताना कपाळाला आठी पडते, ‘भिकार’ म्हणताना नाक मुरडले जाते; ‘टुकार’ म्हणताना मात्र ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यावाचून राहत नाही. म्हणजे शब्दातच थोडी माया आहे. प्रत्येक वाईट चित्रपटाला ही पदवी मिळत नाही हेही लक्षात ठेवावे. नुसता कंटाळवाणा चित्रपट टुकार होऊ शकत नाही. तो पाहून झोप येते, आणि झोपेवर काय चर्चा करणार?

आमचे हट्टा हे वसमत तालुक्यातले गाव. मी लहान होतो तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला आणि पत्त्यातला एक शब्द बदलला. त्या काळात सिनेमा पाहायचा म्हणजे एस.टी. पकडून वसमत किंवा परभणी गाठायची, नाहीतर जत्रेतल्या तंबूची वाट पाहायची. तिसरी सोय व्हीसीआरची. गणपतीत किंवा कोणाच्या घरी लग्नकार्य उरकले की चार टाळकी वर्गणी काढत. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने येई. भाडे पुरेपूर वसूल व्हावे म्हणून एका रात्रीत तीन चित्रपट. पहिला देवादिकांचा, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी. दुसरा कौटुंबिक. तिसरा, बायका आणि लहान मुले पेंगू लागल्यावर, भुताचा किंवा मारामारीचा. आम्ही पोरे डोळे मिटून पडत असू आणि पापण्यांच्या फटीतून तो तिसरा पाहत असू. मधेच वीज जाई. अंधारात ज्याने तो चित्रपट आधी पाहिलेला असे तो पुढची गोष्ट सांगू लागे. वीज आल्यावर पडद्यावर जे दिसे ते त्या सांगण्याच्या मानाने हटकून फिके वाटे. या प्रकारातल्या चित्रपटांची खरी करामत पडद्यावर नसते, ती पडद्याबाहेर बोलण्यात असते, हे ज्ञान आम्हांला भारनियमनाने दिले.

तेव्हाची चार माणसे आज पुन्हा एकत्र बसतात. मी तालुक्याच्या बाजूच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. डॉक्टर गुरांचे आहेत. शेठजींची हळदीची आडत आहे. आणि ज्यांच्या दुकानात ही बैठक भरते ते मास्टर कपडे शिवतात. शनिवारी रात्री मास्टरांनी शेवटचा काज पुरा केला आणि मशीनवर फडके टाकले की सभेला सुरुवात. विषयपत्रिका नसते. ‘परवा मोबाईलवर काय सापडलं माहितीये का?’ एवढ्या वाक्यावर दोन तास सहज जातात. शेठजींच्या मते हे हळदीच्या सौद्यापेक्षा डोक्याला हलके आहे. माझ्या मते काही चर्चासत्रांपेक्षा जड आहे.

डॉक्टरांमुळे आमच्या चर्चेला शास्त्रीय बैठक आली. हिंदी चित्रपटातल्या जनावरांवर त्यांच्याइतके कोणी बोलले असेल असे मला वाटत नाही. १९८५ सालच्या ‘तेरी मेहरबानियाँ’मध्ये जॅकी श्रॉफचा कुत्रा धन्याच्या खुनाचा बदला घेतो, एकेका खलनायकाला गाठून. त्या खलनायकांत आपले नगरचे सदाशिव अमरापूरकरही आहेत. डॉक्टरांचा आक्षेप सूडावर नाही. कुत्रा धनी ओळखतो, वैरी ओळखतो, वास लक्षात ठेवतो, इथपर्यंत त्यांना सारे मान्य आहे. त्यांचे म्हणणे एवढेच, की या कुत्र्याला क्रम कळतो. आधी कोणाला, मग कोणाला, ही यादी तो मनात ठेवतो. ‘माझ्या दवाखान्यातल्या कम्पाउंडरला जमत नाही हो!’ असे ते कळवळून सांगतात. १९८८ सालच्या ‘गंगा जमुना सरस्वती’त अमिताभ मगरीशी झुंजतात, त्या मगरीच्या प्रकृतीची डॉक्टरांना अमिताभपेक्षा अधिक काळजी. आणि नागाने दूध पिण्याचा विषय निघाला की ते उठून चपला घालू लागतात. साप दूध पचवू शकत नाही, त्याचे ते अन्नच नव्हे, हे नागपंचमीला गावोगाव सांगून त्यांचा घसा बसलेला आहे.

नाग म्हटले की २००२ सालचा ‘जानी दुश्मन : एक अनोखी कहानी’ आलाच. राजकुमार कोहलींनी आपला मुलगा अरमान याच्यासाठी काढलेला हा चित्रपट. नायक इच्छाधारी नाग. सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोइराला, अर्शद वारसी, इतकेच काय गायक सोनू निगम, एवढी मंडळी एकाच चित्रपटात. लग्नाची पंगत असावी तशी गर्दी. महाविद्यालयातली मुले म्हणून जी पात्रे येतात ती पाहून मला माझ्या वर्गाची आठवण होत नाही, स्टाफरूमची होते. नाग एकेकाला मारत जातो. हॉलिवूडच्या चित्रपटांत संगणकाने जे चमत्कार घडवले ते सगळे या नागाला येतात. आमच्याकडे यावर चार शनिवार चर्चा चालली. वादाचा मुद्दा हा, की ज्या नागाला इतक्या विद्या अवगत आहेत तो सूड घ्यायला इतका वेळ का लावतो? शेठजींनी निकाल दिला : ‘तेजी यायची वाट बघत असंल.’

आता यात हसण्यासारखे नेमके काय असते? मी मराठीचा माणूस. मला या प्रश्नावर संस्कृत आचार्यांना साकडे घालावे लागले. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे, की रस जेव्हा अस्थानी येतो, अनुचित जागी फुलतो, तेव्हा तो रस राहत नाही, रसाचा आभास होतो. आणि त्या आभासातून हास्य निपजते. रावण सीतेवरच्या प्रेमाने व्याकूळ होतो तेव्हा तो शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास. हीच गोष्ट करुणाची आणि वीराची. क्षेमेंद्राने तर औचित्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो ते थोडक्यात असे : कमरपट्टा गळ्यात घातला, पैंजण हातात चढवले, तर दागिना सोन्याचा असला तरी लोक हसणारच.

हे मी एका शनिवारी सांगितले तेव्हा शेठजी जांभई देत होते. मास्टरांनी मात्र सुई खाली ठेवली. ‘बराबर हाय,’ ते म्हणाले, ‘पायजम्याला कॉलर लावली तर कापड चांगलं असून काय उपेग? पन सर, लावनाऱ्यानं मन लावून लावलेली असली पायजे. उगं गंमत म्हनून लावली तर हसू येत न्हाई.’

मास्टरांचा शाळेशी संबंध सातवीत सुटला. न्यूयॉर्कच्या सुझन सॉन्टॅग या विदुषीने १९६४ साली एका निबंधात असल्या कलेतल्या गमतीची मीमांसा केली आणि भोळी गंमत वेगळी, ठरवून केलेली गंमत वेगळी, असा भेद केला. पहिलीच खरी, दुसरीत ती मजा नाही, असा तिचा कौल होता. तो निबंध जगभर गाजला. मास्टरांच्या कॉलरची नोंद निदान या दिवाळी अंकात तरी व्हावी.

मन लावून कॉलर लावणाऱ्यांचे आमच्याकडचे घराणे म्हणजे रामसे बंधू. वडील एफ. यू. रामसे, मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीत त्यांचे रेडिओचे दुकान होते, फाळणीनंतर ते मुंबईला आले. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ नावाचा चित्रपट काढला. त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता. चित्रपट आपटला, पण त्या एका प्रसंगाला प्रेक्षक दचकतात आणि खूष होतात, हे मुलांनी थिएटरात बसून पाहिले. झाले! पुढचा चित्रपट सबंध दचकण्याचाच करायचा असे ठरले. सात भाऊ. एकाने पटकथा लिहायची, एकाने कॅमेरा धरायचा, एकाने ध्वनी सांभाळायचा, एकाने कातरी चालवायची. तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन करायचे. छायाचित्रणाचे शिक्षण एका इंग्रजी पाठ्यपुस्तकावरून. सारे कुटुंब महाबळेश्वरला नेले, घरच्या बायकांनी स्वयंपाक सांभाळला, आणि १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ पडद्यावर आला. महाबळेश्वरला आपण मध्यमवर्गीय माणसे स्ट्रॉबेरी खायला आणि सूर्यास्त पाहायला जातो. हे लोक प्रेते पुरायला गेले होते.

त्यानंतर १९८४ चा ‘पुराना मंदिर’, १९८८ चा ‘वीराना’, १९९० चा ‘बंद दरवाजा’. पुन्हा तेच धुके, तीच हवेली, तोच करकरणारा दरवाजा, आणि मध्यरात्री पांढऱ्या कपड्यांत कंदील घेऊन निघणारी नायिका. घरात वीज असताना ही कंदील का घेते, या एका प्रश्नावर आमच्या सभेत दोन तट आहेत. शेठजी म्हणतात की आपल्याकडेसुद्धा कंदील लागायचाच. आणि ‘पुराना मंदिर’मध्ये भुताच्या गोष्टीच्या मधोमध जगदीप येऊन ‘शोले’ची नक्कल करून जातात! भुताशी त्याचा संबंध काय? काही नाही. ताटात जागा होती म्हणून कोशिंबीर वाढली. पण वाचकहो, हा चित्रपट त्या वर्षी तुफान चालला, आणि त्यातल्या सामरीचे काम करणाऱ्या अजय अगरवाल यांच्या चेहऱ्याने आमच्या पिढीची कित्येक वर्षांची झोप उडवली. परसाकडे जाताना आम्ही दोघे दोघे जात असू. आज त्याच चेहऱ्याला हसतो तेव्हा आम्ही सामरीला हसतो की त्या दोन भेदरलेल्या पोरांना, हे नक्की सांगता यायचे नाही.

परदेशातही ही हौस आहे, आणि तिकडच्या लोकांच्या स्वभावाप्रमाणे तिला रीतसर संस्थेचे रूप आले आहे. लॉस एंजेलिसच्या जॉन विल्सन यांनी १९८१ साली घरच्या बैठकीच्या खोलीत वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटांना पारितोषिके वाटली. तेव्हापासून ‘गोल्डन रास्पबेरी’ पारितोषिके ऑस्करच्या आगेमागे दिली जातात. २०१० साली सँड्रा बुलक हे पारितोषिक घ्यायला स्वतः हजर राहिली, पडलेल्या चित्रपटाच्या तबकड्या गाडीवर घालून आणल्या आणि जमलेल्यांना वाटल्या; दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या चित्रपटासाठी खरोखरीचे ऑस्कर मिळाले. अशा दिलदार बाईपुढे कुचेष्टा करणाराच ओशाळा व्हावा.

एड वुडची गोष्ट मात्र मला हसताहसता गप्प करते. त्याचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हा जगातला सर्वांत वाईट चित्रपट असे १९८० साली एका पुस्तकाने जाहीर केले. त्यात बेला लुगोसी हा ड्रॅक्युलाच्या भूमिकेने गाजलेला नट आहे असे म्हणतात. ‘आहे’ कसला, १९५६ साली तो वारला आणि त्याची थोडीशी चित्रफीत वुडजवळ उरली. वुडने काय करावे? बायकोची पाठ चोळून देणारा एक वैद्य होता, त्याला लुगोसीचा झगा चढवला आणि तोंडापुढे झगा धरून उरलेला चित्रपट पुरा केला. वैद्य उंच होता, चेहरा जुळत नव्हता, पण वुडच्या मनात शंका नव्हती. मेलेल्या मित्राचे नाव श्रेयनामावलीत राहिले पाहिजे! हा चित्रपट पाहून डॉक्टर म्हणाले, ‘माणूस वेडा होता, पण वाईट नव्हता.’ त्याउलट हल्ली मुद्दाम टुकार चित्रपट काढण्याची एक टूम निघाली आहे. वावटळीतून शार्क मासे आभाळात उडतात असा ‘शार्कनेडो’ २०१३ साली आला. शेठजींनी तो दहा मिनिटांत बंद करायला लावला. ‘याला माहीत आहे आपण हसणार ते,’ ते म्हणाले. हळदीत भेसळ ओळखणाऱ्या बोटांना चित्रपटातली भेसळही कळते म्हणायची.

भरपूर पैसा असून फसलेल्या चित्रपटाविषयी आमच्यात कोणाला दया नाही. रामगोपाल वर्मांनी २००७ साली ‘शोले’ पुन्हा काढला, अमिताभना गब्बरसिंगच्या जागी ‘बब्बन’ म्हणून बसवले. अर्ध्या तासात मास्टर शिलाई करू लागले. त्यांच्या दुकानात यापरता निषेध नाही.

मात्र हसण्याच्या मर्यादेचा एक निवाडा आमच्या सभेबाहेरून आला. पावसाळ्यात एकदा सभा आमच्या ओसरीवर भरली होती. शेठजींनी ‘माहेरची साडी’ चर्चेला घेतला. १९९१ सालचा विजय कोंडके यांचा हा चित्रपट. अलका कुबल यांनी त्यात इतके सोसले आहे की महाराष्ट्रातल्या बायका बैलगाड्या जुंपून तो पाहायला गेल्या. सासूच्या छळाचा एक प्रसंग डॉक्टर रंगवून सांगू लागले, आणि आत भाजी निवडणारी आई दारात येऊन उभी राहिली. ‘त्याला हसायचं नाही,’ एवढेच ती म्हणाली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती आणि तिच्या जावा त्या चित्रपटात तीन तास रडल्या होत्या, आणि त्या चित्रपटासाठी रडल्या नव्हत्या.

तेव्हापासून ‘माहेरची साडी’ आमच्या कक्षेबाहेर आहे. त्याच न्यायाने १९७५ सालचा ‘जय संतोषी माँ’ही. त्याचे देव पत्र्याच्या मुकुटातले आणि ढग कापसाचे आहेत, हे शेंबड्या पोरालाही दिसते. पण त्याच वर्षी ‘शोले’ आणि ‘दीवार’ यांच्या शेजारी उभा राहून तो चालला, तोही असा की लोक थिएटरबाहेर चपला काढून आत जात आणि पडद्यावर पैसे उधळत. चपला काढून पाहिलेल्या चित्रपटाला चपला घालून हसू नये, असे मास्टरांचे मत आहे.

हे सारे सांगितले ते एका कारणाने. गेल्या काही वर्षांत आमची सभा एकदा मोडण्याच्या बेताला आली होती, आणि ती मोडण्याचे कारणही हसणेच होते.

मास्टरांचा पुतण्या पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीला गावी येतो. पोरगा हुशार आणि लाघवी. एका दिवाळीत त्याने सभेत विषय काढला कांती शाह यांच्या १९९८ सालच्या ‘गुंडा’चा. वाचकांतल्या वडीलधाऱ्यांनी हा चित्रपट पाहू नये अशी माझी प्रामाणिक शिफारस आहे; मुलांबरोबर तर नकोच, भाषा फार अभद्र आहे. पण त्याची ख्याती विलक्षण. प्रथम लागला तेव्हा शहरांत त्याची कोणी दखल घेतली नाही. काही वर्षांनी अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत तो पोहोचला आणि तिथे त्याचे पाठांतर सुरू झाले, गणपतीच्या आरतीसारखे. कारण असे, की यातले प्रत्येक पात्र यमकात बोलते. खलनायक पडद्यावर येतो आणि आपले नाव यमकात गुंफून सांगतो. दुसरा येतो, तोही तसेच. मुकेश ऋषी, शक्ती कपूर, आणि पुढे आपल्या नाट्य परिषदेचे अध्यक्षपद भूषवलेले मोहन जोशी, सारे ओळीने नाव घेतात. माझ्या मते हे दुसरे तिसरे काही नसून उखाणे आहेत! मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्या. नायक मिथुन चक्रवर्ती. विमानतळावर ओझी वाहतो, आणि शेवटच्या लढाईत शत्रुसैन्य रिक्षांत बसून येते.

पुतण्याने ते उखाणे धडाधड म्हणून दाखवले. आम्ही हसलो. मग मास्टरांनी तोच चित्रपट पहिल्यापासून सांगायला घेतला, कारण त्यांनी तो तिकीट काढून पाहिला होता. मास्टर सांगतात तेव्हा हात हलवतात, आवाज बदलतात, खलनायकाच्या वेळी मान तिरकी करतात. पुतण्याने मोबाईल उभा करून सगळे टिपले. आठ-दहा दिवसांनी कळले की ती फीत पुण्यातल्या त्याच्या मित्रमंडळात फिरते आहे आणि लोक हसताहेत. ‘गुंडा’ला नव्हे. काकाला.

मास्टर काही बोलले नाहीत. शनिवारी दुकान लवकर बंद होऊ लागले. विचारले तर म्हणत, काम फार आहे. लग्नसराईचे दिवस होते, ते खरेही असेल. पण त्यांच्या मशीनचा आवाज तर येत नसे. डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही तिघांनी एकदा सभा भरवून पाहिली. कोणी कोणाला काही सांगेना. तिघेही चित्रपटाला हसू शकत होतो, पण जो त्यावर मनापासून जीव टाकतो तोच तिथे नव्हता. डॉल्फिनवर बोलायला सुरुवात झाली आणि पाच मिनिटांत ती सोयाबीनच्या भावावर आली.

पुतण्या संक्रांतीला आला तो थेट दुकानात गेला. मी तिथे ब्लाऊजचे माप द्यायला म्हणून बायकोचा जुना ब्लाऊज घेऊन बसलो होतो, म्हणून हे ऐकले. ‘काका, चुकलं,’ तो म्हणाला. मास्टरांनी दाताने दोरा तोडला. मग विचारले, ‘तू तो सिनिमा पुरा पाह्यला का?’ पोरगा गडबडला. त्याने तुकडे पाहिले होते, दोन-दोन मिनिटांचे. त्याच्या सगळ्या मित्रांनीही तेच. ‘मग पाठ कामून केलं?’ मास्टरांनी विचारले. याला उत्तर नव्हते.

त्या रात्री शटर अर्धे ओढून आम्ही पाचही जणांनी ‘गुंडा’ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. उखाण्यांना हसलो, रिक्षांना तर शेठजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. मधे एका ठिकाणी नायकाची बहीण मरते. प्रसंग इतर प्रसंगांइतकाच ओबडधोबड आहे. मिथुन तिच्या प्रेताजवळ बसतो. पुतण्या काहीतरी बोलायला गेला आणि मास्टरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘इथं न्हाई,’ ते म्हणाले. ‘त्यानं इथं खरं काम केलंय.’ आणि खरोखरच, त्या अर्ध्या मिनिटात तो नट खरे काम करीत होता. दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत ते कधी आले नसते, कारण त्यात यमक नाही.

मास्टरांच्या मिथुनभक्तीला इतिहास आहे. नव्वदच्या सुमाराला हा नट मुंबई सोडून उटीला जाऊन राहिला, तिथे हॉटेल काढले, आणि निर्मात्यांनी तिकडेच येऊन थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत चित्रपट उरकायचे अशी रीत पडली. वर्षाला कितीतरी निघत. मोठ्या शहरांतल्या वर्तमानपत्रांत त्यांचे परीक्षणही येत नसे. ते यायचे वसमत-परभणीसारख्या ठिकाणी, आणि जत्रेतल्या तंबूंत. तिथली रिळे आणि ते तंबू आता जवळजवळ संपले, त्यांच्यावरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. मास्टर तेव्हा परभणीत एका दुकानात उमेदवारी करीत होते. आठवड्याची सुट्टी, आठवड्याचा मिथुन. दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाला पडद्यावर कोणीतरी हमाल, कोणीतरी रिक्षावाला सगळ्या गुंडांना लोळवताना दिसत होता, आणि तो हमाल दर आठवड्याला नव्याने येत होता. याच नटाला १९७६ सालच्या पहिल्याच चित्रपटासाठी, ‘मृगया’साठी, राष्ट्रीय पारितोषिक मिळाले होते, पुढे आणखी दोन मिळाली, त्यातले एक रामकृष्ण परमहंसांच्या भूमिकेबद्दल, हे मी मास्टरांना सांगितले तेव्हा त्यांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. ते चित्रपट परभणीला लागलेच नव्हते.

संक्रांतीनंतर सभा पूर्ववत सुरू झाली. पुतण्या आता पुण्याहून फोनवर हजर असतो आणि नवे नवे नमुने शोधून पाठवतो. परवाच त्याने मनोजकुमारांचा १९८९ सालचा ‘क्लर्क’ पाठवला. त्यात अशोककुमारांना हृदयविकाराचा झटका येतो, आणि मुलगा डॉक्टरला बोलावण्याऐवजी आझाद हिंद सेनेचे कूचगीत लावतो, की रुग्ण उठून चालू लागतो. डॉक्टरांनी हा उपाय एका अडलेल्या म्हशीवर करून पाहण्याची इच्छा बोलून दाखवली आहे. दारा सिंग १९६७ साली, म्हणजे अमेरिकनांच्या दोन वर्षे आधी, चंद्रावर जाऊन आले तो ‘चाँद पर चढाई’ या दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवला आहे.

८ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते मिथुन चक्रवर्तींना दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. बातमी मीच दुकानात जाऊन सांगितली. मास्टर मशीन थांबवून ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘कोनत्या सिनिमासाठी?’

एका चित्रपटासाठी नसतो, मी सांगितले, आयुष्यभराच्या सगळ्या कामासाठी असतो.

‘म्हंजी गुंडा बी धरला त्यात?’

‘धरला.’

‘मंग ठीक हाय,’ म्हणून त्यांनी पुन्हा पायडल मारले. दसरा चार दिवसांवर होता आणि अकरा ब्लाऊज द्यायचे राहिले होते.